दोन खिळे

इंग्रजीतील सारखे दिसणारे शब्द विद्यार्थ्याला छळतात तितके व्याकरणही छळत नसेल. कागद-लेखणी ती एक 'स्टेशनरी' आणि जागचे न हलणारे ते दुसरे 'स्टेशनरी'; फरक काय तो एका स्वराचा. मौज अशी की दोघांचे कूळ एकच, कारण फेरी न मारता एका जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर'. असल्या चुकीपायी फार तर अर्धा गुण जातो. आमचे तेवढ्यावर भागले नाही.

१९८७ साली आम्ही बेळगावात आठवीत शिकत होतो. बाबा छापखान्यात खिळे जुळवीत. विषमज्वराने ते महिनाभर अंथरुणावर होते आणि पगार थांबला होता. फीमाफीचा अर्ज इंग्रजीत लिहिला तर वजन पडेल, अशी आमची समजूत. वडील आजारी आहेत हे सांगायला 'इल' हा साधा शब्द पुरेसा होता. पण आम्हांला भारदस्त शब्द हवा होता. 'डिझीझ्ड' लिहावयाचे ते आम्ही 'डिसीस्ट' लिहिले. पहिल्याचा अर्थ रोगग्रस्त; दुसऱ्याचा, दिवंगत.

त्याच संध्याकाळी गुरुजी घरी आले. दार आईने उघडले. त्यांची दृष्टी तिच्या कपाळावरील कुंकवाकडे गेली आणि ते उंबऱ्यातच थबकले. इतक्यात आतून बाबांचा क्षीण आवाज आला, "कोण आलंय गं?" गुरुजी मटकन् पायरीवरच बसले.

अर्ज त्यांच्या खिशात होता. बाबांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला. "दोन खिळे चुकले रे," एवढेच ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. आई हसली नाही. ती देवापुढे जाऊन निरांजन लावून आली.

मग गुरुजींनी तेथेच, बाबांच्या उशाशी बसून, दोन्ही शब्द उकलून दाखविले. 'ईझ' म्हणजे स्वस्थता. ती हरपली की 'डिझीझ'. आपला 'अस्वस्थ' असाच घडला आहे. 'डिसीस' हा लॅटिनमधील निघून जाण्याच्या शब्दावरून आला. आपणही 'अमुक गेले' असेच म्हणतो. नवा अर्ज आम्ही 'इल' घालून लिहिला, आणि तो बाबांनी तपासला.

२००९ साली बँकेच्या एका छापील अर्जात बाबांच्या नावापुढे तो शब्द आम्हांला लिहावा लागला. डी, ई, सी, ई, ए, एस, ई, डी. एकही खिळा चुकला नाही.