आधी तोंड, मग लगाम

धामणगाव बढे परिसरात जनावर नाकातून आवरायची सवय. बैलाला वेसण घातली, कासरा हातात आला की झालं. घोडी मात्र तोंडातून ऐकते, आणि घोड्या इथे थोड्याच: काही वरातीच्या, काही निव्वळ हौसेच्या. लगाम निवडताना विचारावं असा माणूस सहसा सापडत नाही. मग खोगीर-रिकिबीच्या सेटबरोबर जो येईल तोच तोंडात जातो. घोडी पारखून घेतलेली, आणि तिच्या जिभेवर काय बसणार ते दुकानदाराने ठरवलेलं.

*

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक मोठं चोखंदळ. चाल बघतं, भोवरे बघतं, त्यांतला शुभ मानलेला देवमण शोधतं, ओठ वर करून दातांवरून वय काढतं. तोंड उघडलेलंच असतं, तर आणखी घडीभर आत बघावं. ओठांच्या कोपऱ्यात घट्टे पडलेत का, तिथे पांढरे केस आलेत का, जिभेवर जुना व्रण आहे का. आधीच्या मालकाचा हात कसा होता, ते तिथे लिहिलेलं असतं.

*

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते. लगामाची कांब तिथे बसते, जिभेवर आणि दोन्ही बाजूंच्या पातळ हिरडीवर. हिरडीखाली लगेच हाड. नराला चार-पाच वर्षांचा होताना त्याच जागेत सुळे येतात. काहींना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक चिमुकली जादा दाढ असते. कांब तिला लागली की घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. शिकवायच्या वयातच दुधाच्या दाढाही पडत असतात. तेव्हा लगामाच्या आधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील तर घासून घ्याव्यात.

*

माप घ्यायला सुतळी पुरते. एका टोकाशी गाठ मारायची, ती ओठाच्या एका कोपऱ्याला धरून सुतळी तोंडातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्यायची, तिथे खूण करायची. त्यात साधारण एक सेंटिमीटर मिळवला की कांबेची लांबी आली. बऱ्याच घोड्यांची ती पाच इंचांच्या आसपास भरते. लांब कांब इकडून तिकडे सरकते, आखूड कांब ओठ चिमटते. बारीक कांब रुतते, जाड कांब सौम्य, हे खरंच. पण तोंड लहान आणि जीभ मांसल असेल तर जाड कांबेने तोंड मिटतच नाही.

*

स्नॅफल म्हणजे दांड्यांशिवायचा, साध्या कड्यांचा लगाम. हाताने जेवढं ओढलं तेवढंच तोंडात पोचतं. दांड्यांचा लगाम ही तरफ आहे. कांबेखालचा दांडा वरच्यापेक्षा तिप्पट लांब असला, तर हनुवटीखालच्या साखळीला हाताच्या सुमारे तिप्पट ताण बसतो आणि कांबेवर त्याहून जास्त. असा लगाम मुरलेल्या हातासाठी. नवख्याला स्नॅफलच बरा, कारण त्याच्या चुका तिप्पट होत नाहीत.

*

सरळ कांब जिभेवर भार टाकते. एका जोडाची कांब डावं-उजवं वेगळं सांगू शकते. पण दोन्हीकडून एकदम खेचली की दुमडते आणि जीभ चेपते. तीन तुकड्यांची, मधला तुकडा छोटा नि गुळगुळीत असलेली कांब जिभेवर पसरून बसते. शिकाऊ घोड्याला मी तीच घालीन. कड्यांचं म्हणाल, तर फिरत्या कडीत भोक झिजलं की ओठाची कातडी अडकते. पक्की अंडाकार कडी तसं करत नाही. रेसच्या घोड्यांना दिसते ती डी आकाराची कडी वळताना गालाकडून दाब देते.

*

काटेरी लगाम एकदा हातात घेऊन बघावा. कांबेवर दातेरी चकत्या ओवलेल्या, त्या सैल फिरतात. दातांच्या बेचक्यांत वाळलेला फेस आणि गंज. अंगठा नुसता दाबून धरला तरी खळगे उमटतात. असा लगाम वापरायला भारवाही व ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत मनाई आहे. आठव्या नियमात काटेरी लगामाचा उल्लेखच आहे. तरी वरातीच्या घोडीवाल्याचं म्हणणं ठरलेलं: “भाऊ, साधा लगाम लावला तं घोडी आवरत नाही. समोर लेकरं नाचतात.” भीती खोटी नाही. डीजे, फटाके आणि गर्दीत घोडी बिथरतेच. पण बिथरलेलीला वर तोंडात कळ बसली, तर ती मान उडवते, मागे सरते, उभी राहते. लेकरांना धोका तिथूनच.

*

झेनोफन नावाच्या ग्रीक सरदाराने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. घोडेवाल्याकडे निदान दोन लगाम असावेत म्हणतो, एक गुळगुळीत आणि एक काटेरी. काटेरी शिकवण्यापुरता, मग गुळगुळीत चढवला की घोडा खूश होऊन तेच काम करतो. आपल्याकडे काटेरी लगाम चढला की उतरत नाही.

*

बसवताना: ओठांच्या कोपऱ्यात एखाद-दुसरी सुरकुती पडावी, त्याहून वर ओढू नये. नाकपट्टीखाली दोन बोटं जावीत. थंडीत कांब हातात धरून कोमट करावी. काम झालं की लगेच धुवावी, जोडावरून अंगठा फिरवावा. धार लागली तर ती कांब भंगारात. एवढं करूनही घोडी तोंड वासत असेल, जीभ बाहेर काढत असेल, तर लगाम बदलण्याआधी ओढणारा हात बघावा. थांबणं घोडी पायी फिरवताना, आवाजावर शिकते. तिथे शिकली नसेल तर कुठलाही लगाम ते शिकवणार नाही.

*

वरातीची सुपारी देणाऱ्यांसाठी. बँडवाल्याला कोणती गाणी येतात ते आपण विचारतो. घोडीवाल्यालाही एक विचारावं: लगाम काटेरी आहे का? असेल तर साध्या लगामाची दुसरी घोडी बघावी, आणि मिळाली की डीजे तिच्यापासून लांब ठेवायची जबाबदारी आपण घ्यावी. दोन-चार गिऱ्हाइकं अशी परत गेली, की घोडीवाला स्वतःच लगाम बदलेल.