तुमच्या प्रोग्राममध्ये मेन कुठे आहे?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपली मुलं शाळेत आपल्या कामाबद्दल काय सांगतात? आमच्याकडे बरीच वर्षं "आई कम्प्युटरवर काम करते" एवढ्यावरच भागत होतं. यंदा लेकीने अकरावीला एपी कम्प्युटर सायन्स घेतलं. तो विषय जावामध्येच शिकवतात, त्यामुळे आता घरात प्रश्नांची सरबत्ती सुरू असते. एका शनिवारी तिने माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, यात मेन कुठे आहे?"

ज्यांचा या गोष्टींशी संबंध नाही त्यांच्यासाठी: शाळेतला जावाचा प्रोग्राम 'मेन' नावाच्या मेथडपासून सुरू होतो. माझ्या कामात, म्हणजे विमा कंपनीच्या जुन्या जे-टू-ई-ई ॲप्लिकेशनमध्ये, आम्ही लिहिलेला मेन कुठेच नाही. सुटे सुटे घटक आहेत, त्यांना बीन म्हणतात. एक दावा तपासतं, एक पैसे देतं, एक नोंद करतं. "मग यांना चालवतं कोण?" तर ॲप्लिकेशन सर्व्हर. आणि सर्व्हरला कसं कळतं कोणाला कसं चालवायचं? डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टर नावाच्या फायलीतून. ईजेबी-जार डॉट एक्सएमएल, वेब डॉट एक्सएमएल वगैरे. मी २००६ मध्ये पुण्यात नोकरीला लागले तेव्हापासून या फायली माझ्या बोकांडी आहेत.

तिला मी लग्नघराचं उदाहरण दिलं. आचाऱ्याला स्वयंपाक येतो. पण कार्यालय कुठलं, पाणी कुठून घ्यायचं, पंगती किती, कोठीची किल्ली कोणत्या काकूंकडे, हे त्याने शिकलेल्या पाककृतीत नसतं. ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असतं. कार्यालय बदललं की कागद बदलतो, आमटी तीच. तसंच कोड एका जागी आणि त्याच्या आजूबाजूची व्यवस्था दुसऱ्या जागी. पैसे मंजूर करणारी मेथड कोणी बोलवायची, हे फायलीत लिहिलेलं असतं: फक्त 'मंजुरी अधिकारी' या भूमिकेतल्या माणसाने. त्या भूमिकेत प्रत्यक्ष कोण कोण बसतं, ते सर्व्हरच्या बाजूला ठरतं.

डेटाबेसचंही तसंच. कोड नुसतं नाव घेतं, पत्ता त्याला माहीत नसतो. "मामाकडे जा" म्हटलं की प्रत्येक घरातलं पोर वेगळ्या दारात जातं, पण वाक्य तेच राहतं. चाचणीच्या सर्व्हरवर हा मामा वेगळा, खऱ्या सर्व्हरवर वेगळा. ही जोडणी सर्व्हरच्या स्वतःच्या आणखी एका फायलीत असते. हे तिला फटकन कळलं, कारण तिला मामे तीन आहेत.

थोडा इतिहास सांगते, मला आवडतो म्हणून. १९९८ च्या ईजेबी १.० मध्ये हा डिस्क्रिप्टर एक्सएमएल नव्हताच. तो जावाचा एक ऑब्जेक्ट बांधून फायलीत ठेवलेला असायचा, उघडून वाचायची सोय नाही. १९९९ च्या १.१ मध्ये एक्सएमएल आलं आणि माणसाला वाचता यायला लागलं. आणि मग नुसता पूर आला! एवढ्याशा बीनसाठी पानभर एक्सएमएल. वेब डॉट एक्सएमएलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तर घटकांचा क्रमसुद्धा ठरलेला असायचा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर पानात डावीकडे म्हणजे डावीकडेच. सर्व्हलेट २.४ मध्ये ते सोवळं सुटलं. २००६ च्या जावा ई-ई ५ मध्ये ॲनोटेशन आली, म्हणजे पुष्कळशा सूचना कोडमध्येच लिहिता येऊ लागल्या. तरी दोन्हीकडे लिहिलेलं असेल तर शब्द फायलीचाच चालतो. मला विचाराल तर ते योग्यच आहे.

गंमत म्हणजे जे-टू-ई-ई च्या नियमपुस्तकात या कामांसाठी वेगवेगळ्या भूमिका ठरवल्या आहेत: बीन लिहिणारा, ॲप्लिकेशन जुळवणारा, सर्व्हरवर चढवणारा, यंत्रणा सांभाळणारा. मी नोकरी केली त्या प्रत्येक ठिकाणी रात्री दोन वाजता या सगळ्या भूमिका एकाच व्यक्तीकडे होत्या.

आता खरा विषय. आमच्या ऑफिसने हे जुनं ॲप्लिकेशन बंद करून सगळं स्प्रिंग बूटवर न्यायचं ठरवलंय. (त्यात मेन असतो. लेक म्हणाली, "बघ, मी बरोबरच विचारत होते.") काम पुण्याची टीम करतेय आणि सप्टेंबरअखेर मला सगळं त्यांच्या हाती द्यायचंय. त्यानंतर माझी जागा राहील असं कोणी म्हटलेलं नाही, राहणार नाही असंही म्हटलेलं नाही. इथल्या मंडळींना पुढचं समजावून सांगायला नको. एच-वन-बी वर नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही कधीपासून उभे आहोत. लेक पाच वर्षांची असताना इथे आली, आता सतरा. एकविसाव्या वर्षी माझ्या व्हिसावरचं तिचं नाव निघतं. हे तिला माहीत आहे. या मुलांना सगळं माहीत असतं, आपल्यालाच वाटतं की आपण दार लावून बोलतोय.

तिने सरळ विचारलं, "तू त्यांना सगळं शिकवलंस तर तुझ्याकडे काय उरतं?"

मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, नुसतं "जेव आधी" म्हटलं. पण ती त्या उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आमच्या कॉलच्या वेळी, म्हणजे पुण्यातल्या संध्याकाळी पाचला, स्वयंपाकघरात सीरियल खात बसलेली असायची. त्यामुळे पुढचं तिने ऐकलं.

आमच्या डिस्क्रिप्टरमध्ये एक ओळ आहे. पैसे देणाऱ्या मेथडचा व्यवहार 'रिक्वायर्ड' आहे, म्हणजे आधीचा व्यवहार चालू असेल तर त्यात सामील हो, नसेल तर नवा सुरू कर. नोंद करणाऱ्या बीनचा मात्र 'रिक्वायर्स न्यू', म्हणजे चालू व्यवहार बाजूला थांबवून स्वतःचा वेगळा कर. का? पैसे देताना मध्येच काही बिघडलं तर सगळं मागे फिरायला हवं, पण "अमुक वाजता अमुक माणसाने प्रयत्न केला आणि तो फसला" ही नोंद मागे फिरता कामा नये. विमाधारक उद्या भांडायला उभा राहिला तर त्याच्या बाजूने बोलणारी तीच एक ओळ.

पुण्याच्या टीमने नव्या कोडमध्ये दोन बीन एका क्लासमध्ये आणली होती आणि 'रिक्वायर्स न्यू' नीट लिहिलंही होतं. तिथली एक मुलगी, दोन वर्षांचा अनुभव असेल, म्हणाली, "ताई, मी मुद्दाम पैसे देणं फसवून बघितलं. नोंदीचा टेबल रिकामा आहे." सगळे गप्प. मग दहा मिनिटं अस्सल मराठीत वादावादी! कारण सापडलं ते असं: एका क्लासमधली मेथड त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडला थेट हाक मारते तेव्हा मध्ये बसलेल्या स्प्रिंगच्या प्रॉक्सीला पत्ताच लागत नाही. जुन्या ईजेबीतही असंच होतं, म्हणून तर तिथे दोन वेगळी बीन होती. कोठीत मागच्या दाराने शिरलात तर काकू वहीत लिहिणार कशा? क्लास पुन्हा वेगळे केले, नोंद राहायला लागली.

कॉल संपल्यावर लेक म्हणाली, "तू ऑफिसमध्ये मराठीत भांडतेस?" तिच्या लेखी मराठी म्हणजे आजीचा फोन, गणपतीची आरती आणि "भाजी संपव". "अगं, व्यवहार मागे फिरला तर नोंद कुठे राहील" हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या आठवड्यात ती मुद्दाम सव्वासातला उठून बसायची. 'व्यवहार' आणि 'नोंद' हे शब्द तिने वहीत लिहून घेतले, देवनागरीत, र चुकवून.

मी आता त्या एक्सएमएलच्या प्रत्येक ओळीपुढे ती का आहे ते लिहून काढतेय. सत्तावीस पानं झाली. नवरा म्हणतो, थोडं हातचं राखून ठेव. मी नाही ठेवत. ती पुण्याची पोर रिकामा टेबल बघून गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं, आणि ती गप्प बसली नाही. तिला अर्धवट कागद देणं मला जमणार नाही.

दोन ठिकाणी अर्ज टाकलेत, एका ठिकाणची पहिली फेरी झाली. तुमच्यापैकी कोणाच्या ऑफिसात जुनं वेबलॉजिक किंवा जेबॉस अजून धापा टाकत चालू असेल आणि ते हलवायला माणूस हवा असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. आणि ज्यांची मुलं एकविशीच्या जवळ आली आहेत, त्यांनी व्हिसाचं पुढे काय केलं तेही लिहा. लेकच वाचणार आहे, तेव्हा शक्यतो मराठीत.