थर्टी फर्स्टची टेस्ट

ताई,

काल बऱ्याच दिवसांनी डाऊन केलं. अंबरनाथला राहून आधी उलटं बदलापूरला जायचं आणि तिथून बसून यायचं, हे तुझंच शिक्षण. खिडकी मिळाली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. लॅपटॉप उघडला आणि सवयीनं, तुला दाखवायला, उजवीकडे सरकवला. शेजारच्या बाईंनी असं पाहिलं माझ्याकडे!

आता सांगूनच टाकते. तुझी थर्टी फर्स्टची टेस्ट मी उडवली होती. २०२३ मध्येच. तू गेल्यावर वर्षभरानं.

आठवतो ना तो डिसेंबर? १ जानेवारी २०२२ पासून हजाराच्या आतल्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर पाचाऐवजी बारा टक्के जीएसटी लागणार होता. आपल्या बिलांच्या सॉफ्टवेअरची निम्मी गिऱ्हाइकं उल्हासनगरची, कॅम्प पाचचे जीन्सवाले. आपण सगळं बदलून, टेस्ट हिरव्या करून बसलो, आणि ३१ तारखेला जीएसटी कौन्सिलनं कपड्यांची वाढ पुढे ढकलली. चपला-बुटांची मात्र ठेवली! मी घरी केक कापत होते. तुझा फोन आला, "कपड्यांचा दर परत पाच कर. टेस्टमध्ये आकडा बदल, टेस्ट काढू नकोस."

त्या टेस्टमध्ये आठशेच्या जीन्सची दोन बिलं होती, एक ३१ डिसेंबरचं, एक १ जानेवारीचं. माल परत आला की ज्या तारखेचं बिल, त्या तारखेचा दर. आधी तिथं एकाला पाच, दुसऱ्याला बारा होतं. त्या रात्रीनंतर दोन्हीकडे पाच. दीड वर्षानं मी ती पाहिली तेव्हा वाटलं, एकच गोष्ट दोनदा कशाला तपासायची? काढली. बिल्ड चाळीस सेकंदांनी लवकर संपायला लागलं, म्हणून स्वतःची पाठही थोपटली.

मग २२ सप्टेंबर २०२५ आला. कपड्यांची मर्यादा हजारावरून अडीच हजारांवर, तिथपर्यंत पाच टक्के, वर गेलं की बाराऐवजी अठरा. मी कोडमध्ये १००० चे २५०० केले, १२ चे १८ केले. टेस्टमध्येही तेच. एकाच कमिटमध्ये, एकाच हातानं, चहा गार व्हायच्या आत. सगळं हिरवं.

तू मला डेल्फ्टच्या झैडमन मंडळींचा २००८ चा पेपर वाचायला लावला होतास. बदलांच्या जुन्या नोंदी चाळून त्यांनी पाहिलं होतं, की टेस्ट कोडच्या जोडीनं वाढतात, की मागाहून एकदम थव्यानं येतात. मी तेव्हा ऐटीत म्हटलं होतं, "आपल्याकडे जोडीनंच." तू काय म्हणालीस? "जोडीनं चालणारे जोडीनंच खड्ड्यात जातात गं. आधी टेस्ट बदल, ती लाल झालेली बघ, मग कोडला हात लाव." मला तो तुझा सोवळेपणा वाटायचा. लाल होणारच आहे तर बघायचं काय त्यात?

ऑक्टोबरमध्ये कॅम्प पाचच्या एका शेठचा फोन आला. बाराशेची जीन्स, बिल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं, चाळीस नग परत आलेले. बिलात एका नगावर १४४ रुपये कर, आणि आपल्या सॉफ्टवेअरनं क्रेडिट नोट काढली ६० ची. नगामागे ८४ कमी. चाळीस नगांचे ३,३६०. ते त्यांच्या अकाउंटंटच्या नजरेस आलं, आपल्या एकाही टेस्टच्या नाही. दरांच्या तक्त्यात लागू तारखेचा रकाना तूच घातला होतास ना? तिथं नवी ओळ घालायची सोडून मी जुनीच खोडून वर लिहिलं होतं. आणि बिलाच्या तारखेचा दर बघायची आठवण जिनं दिली असती, ती टेस्ट मीच काढलेली.

पण ताई, थोडं तुझंही चुकलं. एक ओळ कमेंट लिहिली असतीस तर? टेस्टचं नावच बोललं पाहिजे म्हणायचीस, आणि हिचं नाव काय ठेवलंस? 'थर्टी फर्स्ट'! ते दोघींनाच कळणार. आणि त्यातली एक तर विसरूनही गेली. दुसरी नाशिकला निघून गेली, तेही ग्रुपवर दोन ओळी टाकून. डब्यातल्या बायकांनी आठवडाभर तुझी जागा धरली होती, माहितीये?

शेठचा फोन आला त्या दिवशी रात्री जुन्या कमिटमधून तुझी टेस्ट परत आणली. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी तशीच ठेवली. खाली बाराशेच्या जीन्सची दोन बिलं घातली, २१ सप्टेंबरला बारा, २२ ला पाच. चालवली. लाल झाली. चांगली मिनिटभर बघत बसले. मग तक्त्यातली जुनी ओळ परत आणली, तिच्याखाली नवी घातली.

कमेंटही लिहिली आहे, तीन ओळींची, कुणालाही कळेल अशी. नाव मात्र बदललं नाही.

तुझी,
चौथ्या सीटवरची