शांत दिवसांतली निगा

इसब दिवसा जितके दिसते, त्याहून रात्री अधिक छळते. अंथरूण उबदार झाले की खाज अनावर होते, मूल झोपेतच ओरबाडते आणि सकाळी अभ्र्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. तान्हेपणी गालांवर उमटणारी ही लाली पुढे कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे मुक्काम करते. तिथली कातडी खाजवून खाजवून जाड, काळपट होते.

दोष बऱ्याचदा त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात असतो. फिलॅग्रिन हे प्रथिन या थराला घट्टपणा आणि ओलावा देते. त्याच्या जनुकातील बिघाड आणि इसब यांचे नाते 2006 साली उघड झाले. सारवण उडालेल्या जमिनीसारखी ही त्वचा भेगाळते. आतला ओलावा निसटतो, बाहेरची धूळ, घाम, जंतू आत शिरतात. खाजवल्याने भेगा वाढतात, भेगांनी खाज. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तरीही अशा मुलाचा हात धरायला इतर मुले कचरतात, हे फार क्लेशदायक आहे.

हे खाज-भेगांचे चक्र तोडायचे, तर खरे काम लाली भडकलेली नसते त्या शांत दिवसांतले. आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात. उटणे, डाळीचे पीठ, खरखरीत घासणी या त्वचेला सोसत नाहीत. कडक साबणही नाही. अंग पुसायचे नाही, टिपायचे, आणि ते ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावायची. सगळ्या अंगावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला 250 ग्रॅमही लागू शकते. चिमूटभर लावून गुण येत नाही.

लाली भडकली की स्टेरॉइडचे मलम लागते. 1952 पासून त्वचेवर वापरले जाणारे हे औषध घरोघरी एक तर भीतीने टाळले जाते, नाहीतर गजकर्ण समजून दुकानातून आणलेल्या मिश्र मलमातून महिनोन्‌महिने चोपडले जाते. दोन्हींत नुकसान आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावणारे मलम, सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञांनी ठरवावे.

जखम पाझरू लागली, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. नखे बारीक ठेवावीत, कपडे सुती घालावेत. आणि खाजवणाऱ्या मुलावर ओरडू नये. खाज त्याच्या हातात नाही.