अंगणातली धुमाल

श्रवण तपासणीच्या केबिनमध्ये बसलेले आजोबा सारखे बोट वर करत होते आणि मी अजून एकही स्वर वाजवला नव्हता. खाली अंगणात धुमाल पार्टीचा, म्हणजे लग्नांत वाजवणाऱ्या ढोलपथकाचा, सराव चालू होता. तो ठोका त्यांना मशीनचा आवाज वाटत होता.

रायपूरला बुढापाऱ्यात पहिल्या मजल्यावर माझे क्लिनिक आहे. केबिन मी स्वतःच्या खर्चाने बांधली. बारीक, उंच आवाज ती अडवते, पण ढोलाचा जड ठोका फरशीतून, भिंतीतून आत शिरतो आणि 250, 500 हर्ट्झचे आकडे बिघडतात. असल्या आकड्यांवर मी कुणाला श्रवणयंत्र कसे बसवून देऊ?

दिवाळीनंतर मालकांनी तळमजला धुमालवाल्यांना दिला. अंगणात त्यांची पिकअप, जनरेटर, स्पीकरची चळत. पिकअप जिन्याच्या तोंडाशी लागली की काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांना अंग चोरून वर चढावे लागते. मालकांना सांगितले तर म्हणाले, "मॅडम, आँगन तो सबका है. आपको कमरा दिया है, आँगन नहीं."

हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. अंगण सगळ्यांचे, तर माझे का नाही? जागा दाखवताना "खुली जगह है, मरीज आराम से आएँगे" असे त्यांनीच ऐकवले होते, आणि भाडे त्या मोकळ्या जागेचा हिशेब धरूनच ठरले होते. पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी मामला आहे. नगर निगमात म्हणाले, आवाजाचे पोलीस बघतात. व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या नियमांतच आहे. माझे मीटर जिन्यात 90 च्या वर जात होते. ते बघायला कुणी आले नाही.

वकिलांनी 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा काढला. कलम 108 : भाडे देणाऱ्या, अटी पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर जागेचा निर्वेध उपभोग. मला हुरूप आला. मग त्यांनी छत्तीसगढचा 2011 चा भाडे नियंत्रण कायदा उघडला. मालक सहा महिन्यांची लेखी नोटीस देऊन, कारण न सांगता जागा परत मागू शकतो. अट एवढीच, की पुढचे बारा महिने ती जास्त भाड्याने द्यायची नाही. म्हणजे हक्क मागायचा आणि नोटिशीची वाट बघत बसायचे! केबिन काढून न्यायचा हक्क मला आहे म्हणे. काढलेली केबिन म्हणजे प्लायवूड आणि फोम, दुसरे काय?

शेवटी मी धुमालवाल्या पोरांच्या उस्तादांशीच बोलले. "दीदी, पहले बता देतीं," म्हणाले, आणि दुपारी दोनपर्यंत वाजवायचे नाही असे ठरले. ते बहुतेक पाळतात. लग्नसराईवर त्यांची घरे चालतात. त्यांच्यावरचा माझा राग ओसरला. मालकांवरचाही पूर्ण टिकत नाही, कारण 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी दोन महिने भाड्याचा विषयही काढला नव्हता. पण तो त्यांचा चांगुलपणा झाला, माझा हक्क नव्हे.

दुकान, क्लिनिक घेणाऱ्यांनी जिना, अंगण, गाड्यांची जागा, शेजारी कसला धंदा चालणार नाही, हे सगळे करारात लिहूनच घ्यावे. मी नव्या करारात तेच मागितले आहे. मालक म्हणतात, बघू. पिकअप अजून जिन्याशीच लागते.