१४५ आर १२

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्यांची भीती वाटत नाही, असा एक समज आहे. लेजरमधले आकडे घरचे असतात हो, त्यांची कसली भीती? पण टायरवरचे आकडे! ते म्हणजे सासुरवाडीकडची माणसं. हसून बोलतात, पण मनात काय आहे ते कळत नाही.

आमच्याकडे मारुती ओम्नी आहे. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ साली बनायची बंद झाली. आईनं मध्यंतरी कोकणात कुलदैवताला जायचं काढलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, माणसं आठ, वाट आंबा घाटाची, आणि चारही टायर माझ्या टाळूशी बरोबरी करणारे.

त्या टायरांवर लिहिलं होतं, '१४५ आर १२ एलटी'. एवढं वाचायला मला अख्खा रविवार लागला. १४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. १२ हा रिमचा व्यास, पण तो इंचात! आमच्या शाखेत कुणी जमा रुपयांत आणि नावे आण्यांत लिहिलं असतं तर ऑडिटरनं त्याला खुर्चीसकट उचलला असता. 'आर' म्हणजे रेडियस, असं निम्मं कोल्हापूर छातीठोकपणे सांगतं. तो असतो रेडियल. टायरच्या आतल्या धाग्यांची ती रचना. एलटी म्हणजे लाइट ट्रक. हे सौ.ला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे इतकी वर्षं आपण ट्रकमधनं फिरतोय होय?"

दुकानात मेहुणा बरोबर आला. मेहुणे अशा वेळी बोलवावे लागत नाहीत.

"दाजी, मारुती ८००चे टायर टाका की! रिम बाराचाच, रुंदी तीच. झटक्यात बसतात. पैसे वाचतील ते वेगळेच."

दुकानदारानंही मान डोलावली. ८००चा टायर १४५/७० आर १२. त्या तिरक्या रेघेपुढच्या ७० कडे दोघंही बघायला तयार नव्हते. आम्ही बँकवाले रेघेपुढचंच आधी बघतो. मेख तिथंच असते. ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के. हा आकडा छापलेलाच नसेल तर साधारण ८० ते ८२ धरायचा. मी तिथंच एका जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. आमच्या टायरचा व्यास सुमारे ५४० मिलिमीटर, ८००च्याचा ५०८. सहा टक्के तूट! म्हणजे गाडी ९४ किलोमीटर चालणार आणि मीटर १०० दाखवणार. न काढलेल्या कर्जावर व्याज भरण्याचाच हा प्रकार.

तेही एक वेळ सोसलं असतं. पण टायरच्या कडेला बारीक अक्षरात ६९ असा आणखी एक आकडा होता. तक्त्यात ६९ म्हणजे एका टायरवर फार तर ३२५ किलो. चारांचे मिळून १३००. गाडी रिकामीच पाऊण टनाहून जड. उरल्यात आम्ही आठ जण, फराळाचे डबे आणि नारळाचं पोतं. शिवाय घाट उतरताना ओझं पुढच्या चाकांवर येतं, ते काही चौघांत सारखं वाटून घेत नाहीत. आठ प्लायच्या एलटी टायरवर आकडा होता ८६, म्हणजे ५३० किलो.

"अरे, मागं आई बसणार आहे," मी म्हणालो.

मेहुणा गप्प झाला. मिनिटभरच. "मग रुंद टाका, दाजी!" पण वळताना ते आत घासतील, हे दुकानदारानंच सांगितलं. खरं बोलण्याची त्याला तेवढी एकच संधी मिळाली, ती त्यानं सोडली नाही.

कारण पुढे त्यानं जे एलटी टायर आणले, त्यांच्यावरचे चार आकडे मी वाचले. पहिले दोन म्हणजे बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर चार वर्षांचे निघाले. चेक तीन महिन्यांत शिळा होतो, हे मी त्याला समजावलं.

"साहेब, टायर म्हणजे काय दूध आहे का?"

तरी गोडाऊनमधून ताजे आले. स्टेपनीसकट पाच घेतले.

आंबा घाटात मेहुणा वळणागणिक खिडकीला चिकटून देवाचं नाव घेत होता. आई साखरप्याला जागी झाली आणि म्हणाली, "काय रे, घाट कधी लागणार?"