आईचा व्यवसाय

धाकटीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला गेल्तो. सूतगिरणीतली रात्रपाळी करून, केसातला कापूस तसाच. ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात लिहिलं: नोकरी, अंगणवाडी मदतनीस. खिडकीतल्या बाबूनं नोकरीवर काट मारली.

“ती नोकरी नाही. मानसेवी लिहा.”

मानसेवी. शब्द कसा, इस्त्री केलेला.

दोस्तांनो, ही मानसेवा काय असते? आई अंगणवाडी झाडते, पाणी भरते, घराघरातनं पोरं गोळा करते, खिचडी शिजवते. कुणाचं शेंबूड, कुणाची चड्डी. २०२१ पासून पोषण ट्रॅकर आला, सेविकाबाईंचा निम्मा वेळ मोबाईलमध्ये जातो. मग गाणीही आईच म्हणून घेते. वरच्या आळीतली एक बाई आपल्या पोराला आईच्या हातची खिचडी खाऊ देत नाही, घरनं डबा देते. पोरगं डबा सोडून खिचडीच्या ताटलीत हात घालतं. आईच त्याचा हात धरते. बोभाटा झाला तर तो तिच्याच अंगावर येणार.

ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. पन्नास वर्षं झाली तरी पगार नाही, मानधन. केंद्रानं २०१८ साली ठरवलेला आकडा सेविकेला ४५००, मदतनिसाला २२५०. वर राज्य आपली भर घालतं, तीही बायका रस्त्यावर बसल्यावर. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यभर संप झाला, तेव्हा आईपण चूल सोडून बसली होती. मी सूत सांभाळतो, तर मला पाळी, पगार, फंड. ती माणसाची पोरं सांभाळते, तर तिला मान!

माझा पणजा येसकर होता. गावाची वर्दी, सायबाचं ओझं, मढ्याचा सांगावा, रात्र नाही दिवस नाही. बदल्यात बलुतं, तेही उपकारासारखं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महारवतनाविरुद्ध बिल आणलं. त्याच वर्षी, त्याच सभागृहात ते कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेसाठीही बोलले. वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. पण पोलिओचा डोस, सायबाची भेट, सर्व्हे, काय निघालं की आईला हाक आहेच. आणि पैशाला नाव मानधन. मला बलुत्याचा वास येतो.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे, त्या कायद्यापुरतं हे मानधन म्हणजे वेतनच. हे मी बाबूला सांगितलं. त्यानं फॉर्म परत सरकवला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, “कोर्टाचं बरं हाय रं. पर पोरीचा फॉर्म आडवू नगंस. त्यो म्हणतोय त्ये लिव.”

शुक्रवारी शेवटची तारीख. रकाना अजून कोरा आहे.